फक्त मुरगळलाय, खेळते मी

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी बास्केटबॉलची प्रॅक्टिस संपायला दहा मिनिटं राहिली होती, फुल कोर्ट चालू होतं, आणि आमच्याकडची आठवीतली एक पोरगी रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल पकडायला, उडाली. बॉल मस्त पकडला तिने, दोन्ही हातांनी, कोपरं बाहेर, अगदी शिकवलंय तसं, आणि खाली येताना तिचा डावा पाय बरोब्बर दुसरीच्या बुटावर पडला. पाऊल आत वळलं. मी साइडलाइनला होते, बारा-पंधरा फुटांवर, तरी मला तिचा घोटा बाहेरच्या बाजूने जमिनीला टेकलेला स्पष्ट दिसला. ती खाली बसली, दोन्ही हातांनी घोटा धरला, डोळ्यांत पाणी, आणि मी पोचायच्या आत म्हणाली काय, "ताई काही नाही, फक्त मुरगळलाय, खेळते मी."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. आणि मी स्वतः पण बोललेय. नागपूरला कॉलेजला सेकंड इयरला असताना टुर्नामेंटच्या आदल्या आठवड्यात माझा उजवा घोटा असाच गेला होता, कोणीतरी स्प्रे मारला, क्रेप बँडेज करकचून बांधलं, गोळी घेतली आणि चौथ्या दिवशी मी मॅच खेळले. जिंकलो पण. सगळ्यांनी पाठ थोपटली. त्यानंतर तोच घोटा दोन वर्षांत पाच वेळा गेला, शेवटच्या वेळी तर खेळताना पण नाही, बस स्टॉपवर फुटपाथवरून खाली उतरताना. आज अडतिसाव्या वर्षी सकाळी जिना उतरताना पहिली चार पावलं मी कठडा धरून उतरते. तेव्हा जर मला कोणी तीन महिने एका पायावर उभं राहायला लावलं असतं ना तर आज हे झालं नसतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय.

मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही. खूप वर्षं खेळले आणि आता आमच्या भागातल्या मुलामुलींना सकाळ-संध्याकाळ शिकवते. पण या काळात फिजिओ लोकांबरोबर इतकं बसलेय, इतके पाय बघितलेत, की काही गोष्टी पालकांना आणि नवीन कोचना कळल्याच पाहिजेत असं वाटतं.

आधी कोर्टवर काय केलं ते सांगते कारण पहिल्या पाच मिनिटांतच सगळे गोंधळ घालतात. एक जण पाय ओढायला धावतो, एक जण पाणी ओततो, एक काका बाहेरून ओरडतात "उठ उठ, चालव, चाललं की मोकळं होतं". मी सगळ्यांना बाजूला केलं, तिला दोन मिनिटं नुसतं बसू दिलं, लेस पूर्ण सैल करून बूट अलगद काढला. मग हाडं तपासली. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी अगदी साधे नियम मांडले, ते मी पाठ करून ठेवलेत. घोट्याची बाहेरची हाडाची गाठ असते ना, तिची मागची कड, खालच्या टोकापासून वर साधारण ६ सेंटीमीटर, बोटाने दाबत जायचं. मग आतल्या गाठीची तशीच. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध करंगळीच्या रेषेत जे हाड हाताला लागतं ते. आणि आतल्या बाजूला, कमानीच्या वर घोट्याच्या जरा पुढे, तिथलं हाड. यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा ४ पावलं टाकताच आली नाहीत (लंगडत टाकली तरी चालतात), तर एक्स-रे. घरी जाऊन बघू, उद्या बघू, असं काही नाही, एक्स-रे.

तिला दुखत होतं ते बाहेरच्या गाठीच्या पुढे आणि जरा खाली, मऊ भागात. तिथे एक लहानसं लिगामेंट (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) असतं, बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त दुखावतं ते हेच. उडी मारून खाली येताना आपण पंजावर येतो, पाऊल खाली झुकलेलं असतं, आणि नेमका त्याच अवस्थेत घोट्याचा सांधा सगळ्यात सैल असतो, म्हणून खाली कोणाचा बूट आला की संपलं. चार पावलं तिने टाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवून नाही, स्वतः. तरीही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे पाठवलंच, कारण वाढत्या वयात हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा (जिथून हाड वाढतं तो मऊ भाग) असते आणि मुलांमध्ये कधीकधी लिगामेंटच्या आधी तीच दुखावते, एवढं सगळं बोटाने कळत नाही. एक्स-रे नॉर्मल आला.

त्या रात्री मी तिच्या घरी गेले तर आजींनी तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी बांधून ठेवली होती, शेजारी वाटीत कोमट तेल. किती प्रेमाने केलं होतं सगळं. मी म्हटलं, "आजी, शेक आणि चोळणं दोन-तीन दिवस नको, आत बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात, आत्ता शेकलं तर सूज वाढेल." आजी म्हणाल्या, "अगं आम्ही तर लगेच चोळायचो, हळद-तेलाचा लेप लावायचो." आणि मग दोन मिनिटांनी, "बरं, मग मी काय करू ते सांग." मी त्यांना काम दिलं, पायाखाली उशा लावायच्या, पाय छातीच्या वर राहिला पाहिजे, आणि ती उठून पळायला लागली की ओरडायचं. दोन्ही कामं त्यांनी चोख केली.

बर्फाचं विचारतात सगळे. १९७८ मध्ये गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच असा चार गोष्टींचा उपाय लिहिला, तो जगभर पसरला, आपल्या पीटीच्या सरांपर्यंत आला. गंमत म्हणजे त्याच डॉक्टरांनी २०१४ मध्ये स्वतः लिहिलं की बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं. मला हे फार आवडतं, माणसाने आपलंच म्हणणं तपासून बदललं. आता फिजिओ सांगतात की बर्फ दुखणं कमी करायला लावा, रुमालात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नको, पण बर्फाने लिगामेंट जुळतं असं समजू नका. क्रेप बँडेज बांधायचं तर पायाच्या बोटांच्या मुळापासून सुरू करून वर न्यायचं, घट्ट पण करकचून नाही, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून परत बांधायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक, मालिश, पळणं बंद. दुखण्याच्या गोळ्या मुलांना डॉक्टरांना विचारूनच, आणि गोळी घेऊन मॅच तर कधीच नाही. गोळीने दुखणं झाकलं जातं आणि मग पोरं त्याच पायावर उड्या मारतात, मी मारल्यात.

आता खरा भाग. सूज उतरली, चालता येतंय, आई-बाबा म्हणतात झालं बरं, कोच म्हणतात शनिवारी मॅच आहे ये. इथेच सगळं चुकतं. लिगामेंट म्हणजे दोन हाडांमधली नुसती दोरी नसते, पाऊल कुठे आहे, किती तिरकं आहे ही खबर मेंदूला देणाऱ्या नसा पण त्या भागात असतात, आणि मुरगळलं की ती खबर पोचायला उशीर होतो. पाऊल वाकडं पडतंय हे कळून पोटरीच्या बाहेरचे स्नायू पायाला आवरणार तोपर्यंत पाय परत वळलेला असतो. म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो. आणि घोटा मुरगळण्याची सगळ्यात मोठी शक्यता कोणाची, तर ज्याचा आधी मुरगळलाय त्याची. स्नायू आणि ही खबर दोन्ही परत शिकवावं लागतं आणि त्याला बूट लागत नाही, मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त रोज दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तीच कोणी देत नाही.

तिसऱ्या दिवसापासून तिने खाटेवर बसून अंगठ्याने हवेत बाराखडी लिहायला सुरुवात केली. आमच्या फिजिओ ताईंची ही आयडिया. इंग्रजीत एबीसीडी लिहायला लावतात तसं, पण बाराखडीत वळणं जास्त आहेत, क, ख, ज्ञ लिहून बघा, घोटा चारी दिशांना फिरतो. आजी शेजारी बसून कुठलं अक्षर चाललंय ते ओळखायच्या. मग उभं राहून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर भिंतीला धरून, मग एका पायावर. मग दुखऱ्या पायावर नुसतं उभं राहणं, ३० सेकंद. ऐकायला सोपं वाटतं ना, तिला पहिल्या दिवशी ११ सेकंद जमलं आणि पाऊल असं थरथरत होतं की बघणाऱ्याला पण कळावं किती हललंय आतून. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, सकाळ-संध्याकाळ, हे तर मी टीममधल्या सगळ्यांना लावलंय, मुरगळलेल्यांना आणि न मुरगळलेल्यांना. ३० सेकंद जमले की डोळे मिटून. ते जमलं की उशीवर उभं राहून. मग एका पायावर उभं राहून मैत्रिणीकडून बॉल कॅच करायचा, सरळ, मग उजवीकडून, मग डावीकडून. मग छोट्या उड्या, रेषेच्या अलीकडे-पलीकडे. मग झिगझॅग पळणं, मग कट मारणं (पळता पळता अचानक दिशा बदलणं), सगळ्यात शेवटी समोर डिफेन्स.

परत कधी खेळायचं हे कॅलेंडर ठरवत नाही. दोन आठवडे झाले म्हणून खेळ असं नाही. मी तीन गोष्टी बघते, एका पायावर टाचा उचलणं दोन्ही बाजूला जवळपास सारखं जमतंय का, पूर्ण वेगात कट मारताना चेहऱ्यावर काही दिसतंय का (मुलं तोंडाने खोटं बोलतात, चेहऱ्याने नाही), आणि एका पायावर लांब उडी, दुखऱ्या पायाची चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आली पाहिजे. टेप घेऊन मोजते. आणि परत खेळायला लागल्यावर लेसवाला अँकल ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) निदान तो सीझनभर. अमेरिकेत शाळेतल्या बास्केटबॉल खेळाडूंवर ब्रेसचा अभ्यास झालाय, ब्रेस घालणाऱ्यांचे घोटे कमी मुरगळले. ब्रेसने पाय कमजोर होतो असं खूप जण सांगतात, व्यायाम चालू ठेवला तर मला तसं कधी दिसलं नाही. उंच बुटांचं मात्र वेगळं आहे, हाय-टॉप घातले म्हणजे घोटा वाचतो याचा पक्का पुरावा नाही, तेव्हा त्यासाठी आई-बाबांना सात-आठ हजारांचा खर्च करायला लावू नका. बूट मापाचा असावा, तळवा गुळगुळीत झालेला नसावा, लेस शेवटच्या भोकापर्यंत बांधलेली असावी. रनिंगचे शूज घालून येतात बरेच जण, ते सरळ पळायला केलेले असतात, टाच उंच आणि मऊ असते, बाजूला सरकताना पाय त्यावरून घसरतो.

एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग, तिथल्या स्टीफन करीचं नाव पोरांना सांगितलं की लगेच ऐकतात. २०११ आणि २०१२, लागोपाठ दोन वर्षं त्याच्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालं, लोकांनी म्हटलं हा काही टिकत नाही. त्यानंतर त्याने कंबर आणि नितंबांच्या स्नायूंवर प्रचंड काम केलं, म्हणजे वळण्याचा भार घोट्यावर न येता वर घेतला जाईल असं. पुढे तो एनबीएतल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक झाला.

गुडघ्याबद्दल लिहिताना मला जरा भीती वाटते, कारण घोट्याने सीझन जातो, गुडघ्याने वर्ष जातं. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचं लिगामेंट असतं आणि बहुतेक वेळा ते कोणी धक्का न देताच तुटतं, पळता पळता अचानक थांबून वळताना, किंवा एका पायावर कडक उतरताना. 'कट्' असा आवाज आला, गुडघा आतून सरकल्यासारखा वाटला आणि एक-दोन तासांत टम्म सुजला, तर सांध्यात रक्त साठलंय असं समजायचं आणि ऑर्थोकडे (हाडांच्या डॉक्टरांकडे) जायचं, चोळायचं नाही, हाडवैद्याकडे ओढून घ्यायला तर अजिबात जायचं नाही. डेरिक रोज आठवतो का, २०११ मध्ये बाविसाव्या वर्षी एनबीएचा सगळ्यात लहान एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू), आणि २८ एप्रिल २०१२ ला प्लेऑफच्या पहिल्याच मॅचमध्ये, मॅच जवळपास जिंकलेली असताना, एक साधी उडी आणि एसीएल गेलं. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं, वयात आल्यावर तर खासच, आणि आपल्याकडे मुलींच्या कोचना हे कोणी सांगितलेलंच नसतं. ऑपरेशननंतर ९ महिन्यांच्या आत परत कोर्टवर आलात तर पुन्हा तुटण्याचा धोका खूप असतो, तेव्हा सहा महिन्यांत टुर्नामेंट आहे म्हणून घाई करणाऱ्या कोचना आई-बाबांनी सरळ नाही म्हणावं.

पण चांगली गोष्ट ही की उतरणं शिकवता येतं. आम्ही दर सोमवारी फक्त उतरायला शिकतो. उडी मारा, बॉल पकडा, आणि आवाज न करता खाली या, मांजर कट्ट्यावरून उतरते तसं. धप्प आवाज आला की परत. गुडघे आणि कंबर वाकलेली, वजन पंजांवर येऊन मग टाचेवर, आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. समोरून मोबाइलवर शूटिंग घेते आणि स्लो करून त्यांनाच दाखवते, दोन्ही गुडघे आत एकमेकांकडे वळलेले दिसले की पोरी स्वतःच "अय्या" म्हणतात आणि पुढच्या उडीला सुधारतात. माझ्या शंभर वेळा सांगण्यापेक्षा तो एक व्हिडिओ जास्त काम करतो.

वॉर्मअप पण बदलला आम्ही. आधी गोल करून उभं राहायचं, वाकून पायाचे अंगठे धरायचे, दहापर्यंत मोजायचं, असं होतं, थंड अंगाने ताणायचं. आता पंधरा मिनिटं, हळू जॉगिंग, बाजूला सरकणं, लंज, प्लँक, एका पायावर तोल, उड्या, शेवटी वेगात पळून कट. मूळ प्रोग्रॅम फुटबॉलचा, फिफा ११+ नावाचा, इटलीत बास्केटबॉलच्या टीमवर वापरून बघितला तेव्हा तिथेही दुखापती कमी झाल्या. आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही, प्रत्येक प्रॅक्टिसला करावा लागतो. पोरं कंटाळतात, मी पण कधी कधी कंटाळते, तरी करतो.

गुडघ्याच्या पुढे, वाटीच्या खाली दुखणं हा वेगळा प्रकार, तो हळूहळू येतो. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये वाटीच्या खाली नडगीच्या हाडाला टेंगूळ आल्यासारखं दिसतं आणि गुडघे टेकून बसलं की दुखतं, ते हाड वाढतंय आणि त्यावर स्नायूचा ओढा पडतोय म्हणून. घाबरायचं कारण नाही, वाढ थांबली की बहुतेकांचं जातं, पण तोपर्यंत उड्या मोजून मारायच्या. मोठ्यांमध्ये तिथली शीर (रक्तवाहिनी नाही, स्नायूला हाडाशी जोडणारी जाड दोरी) दुखते, जंपर्स नी म्हणतात, आणि त्यात लोक महिनाभर पूर्ण आराम करतात, बरं वाटतं, परत येतात, आठवड्यात परत दुखतं. आरामाने ती शीर मजबूत होत नाही, भार द्यावा लागतो, हळूहळू वाढवत. आमच्या टीममधल्या एका दादाला फिजिओने भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायला सांगितलं होतं, ४५ सेकंद, पाच वेळा, आणि नंतर वजन घेऊन सावकाश स्क्वॉट. तीन महिने लागले. पण गेलं.

यातलं बरंचसं दुखणं कुठून येतं माहितीये? आपल्या वेळापत्रकातून. जून-जुलैत पाऊस, कोर्ट बंद, मुलं घरी. मग शालेय स्पर्धा सुरू होतात, तालुका, जिल्हा, विभाग, एका दिवशी दोन-दोन तीन-तीन मॅच, तेही सिमेंटच्या कोर्टवर. दोन महिने न उडालेल्या पायांना एका आठवड्यात शेकडो उड्या. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ यांनी बंदिस्त जिममध्ये खेळायला शोधला, बाहेर कडाक्याची थंडी होती म्हणून. आपण तो उन्हात, सिमेंटवर खेळतो, लाकडी फरशी जो धक्का थोडातरी पिऊन टाकते तो सगळा आपल्या नडग्यांना मिळतो. सगळ्यांना इनडोअर कोर्ट मिळणार नाही हे मला कळतं. पण पावसाळ्यात पार्किंगमध्ये, जिन्यात, टेरेसच्या शेडखाली आठवड्यातून तीन दिवस दोरीच्या उड्या आणि स्क्वॉट तर चालू ठेवता येतात, म्हणजे ऑगस्टमध्ये पाय कोरे नसतात.

आणि कोर्ट झाडा हो. खरंच सांगते, एक खराटा ठेवा कोर्टवर. बारीक वाळू असली की बुटाचा तळवा पकडतच नाही. पावसानंतर कडेला शेवाळ धरतं, ते ब्रशने घासून काढावं लागतं. बोर्डाचा खांब एंडलाइनपासून (बास्केटमागची कोर्टची शेवटची रेष) मागे किती आहे ते बघा, नियमाने बाहेर निदान २ मीटर मोकळी जागा हवी, आपल्याकडे कित्येक ठिकाणी खांब रेषेलाच चिकटलेला असतो आणि त्याला पॅडिंग नसतं. आम्ही जुनी गादी फाडून, ताडपत्रीत गुंडाळून, सुतळीने बांधली खांबाला. दिसायला काही खास नाही, पण मागच्या डिसेंबरमध्ये एक मुलगा ले-अप मारून (पळत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकून) थेट त्यावर आपटला आणि हसत उठला.

बोटांचं सांगते, कारण माझ्या उजव्या हाताची अनामिका शेवटच्या पेराला आजही वाकलेली आहे. पास पकडताना बॉल बोटाच्या टोकावर बसला, आणि कोणीतरी प्रेमाने बोट धरून ओढलं, 'कट' वाजवलं, म्हणाले बसलं जागेवर. बसलं काहीच नव्हतं, बोट सरळ करणारी शीर टोकाला तुटली होती. बोटाचं टोक खाली लोंबतंय आणि स्वतःच्या जोरावर सरळ होत नाही, तर ओढायचं नाही, एक्स-रे काढायचा आणि डॉक्टर लावतील ती पट्टी सहा ते आठ आठवडे चोवीस तास ठेवायची. अंघोळीला, झोपेत, परीक्षेत, सगळीकडे. पट्टी बदलताना सुद्धा बोट टेबलवर सपाट ठेवून बदलायची, कारण मध्ये एकदा जरी वाकलं तरी मोजणी परत पहिल्या दिवसापासून. नुसतं ठेचलं असेल, पूर्ण वाकतंय आणि सरळ होतंय, तर शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून चालतं. आणि अंगठ्या, कडी, कानातले रिंग, दोरे काढून ठेवा, नखं कापा. नेटमध्ये अंगठी अडकून बोटाची कातडी सोलवटून निघाल्याचे फोटो मी इथे टाकणार नाही.

रविवार सकाळच्या मोठ्या मंडळींसाठी वेगळं सांगते. पस्तीस-चाळीशीतले दादा लोक, आठवडाभर लॅपटॉप आणि रविवारी थेट फुल कोर्ट. आमच्याकडच्या एकांना पहिलं पाऊल टाकताना टाचेच्या वर सटकन काहीतरी बसलं, त्यांनी मागे वळून बघितलं कोणी लाथ मारली ते. मागे कोणीच नव्हतं. टाचेची मोठी शीर, अकिलिस, तुटली की बहुतेक सगळे हेच सांगतात. पालथं झोपवून पोटरी हाताने दाबायची, चांगल्या पायाचं पाऊल हलतं, तुटलेल्या पायाचं हलत नाही, म्हणजे लगेच हॉस्पिटल. एनबीएच्या कोबी ब्रायंटची १२ एप्रिल २०१३ ला मॅचमध्ये तुटली, त्याने त्याच पायावर उभं राहून दोन फ्री थ्रो टाकले आणि चालत बाहेर गेला, त्याचं कौतुक मलाही आहे, पण त्यातून लोक हे शिकतात की चालता येतंय म्हणजे काही तुटलं नाही, आणि ते चूक आहे. रविवारी येणाऱ्यांनी आठवड्यातून तीन दिवस पायरीच्या कडेवर टाच हळूहळू खाली सोडायचे पंधरा-पंधराचे दोन-तीन सेट केले तरी पोटरीला सवय राहते. अजून एक, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स घेतल्यावर या शिरा तुटायचा धोका वाढतो, असं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोर्टवर येऊ नका.

डोक्याला मार लागला आणि गरगरतंय, उलटीसारखं होतंय, स्कोअर आठवत नाही, तर त्या दिवशी परत खेळ नाही, कितीही ठीक वाटलं तरी नाही. दोन-तीन वेळा उलटी, गुंगी किंवा दुखणं वाढत चाललं तर तातडीने हॉस्पिटल. आणि कोपर लागून पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरून थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पोचा, परत बसवता येतो. आमच्या किट बॅगेत दुधाचं टेट्रापॅक असतं ते त्यासाठी, मुलं पिऊन टाकतात म्हणून दोन ठेवते.

आपल्या आठवीच्या पोरीचं काय झालं ते राहिलं. मधल्या काळात ती रोज आली, स्कोअरशीट लिहिली, फ्री थ्रो टाकले, बेंचवर बसून रडली पण एकदा, कारण शनिवारची मॅच तिच्याशिवाय झाली आणि आपण चार पॉइंटने हरलो. मला तेव्हा फार वाईट वाटलं, सोडावंसं पण वाटलं तिला शेवटची पाच मिनिटं. नाही सोडलं.

काल तिची लांब उडी मोजली. उजव्या पायावर १४२ सेंटीमीटर, डाव्यावर ११८. "ताई, किती पाहिजे?" म्हणाली आणि मी सांगायच्या आत स्वतःच खडूने कोर्टवर गुणाकार मांडला, १४२ चे ९० टक्के, १२८ च्या जरा खाली. मग टेप घेऊन बरोब्बर १२८ वर एक जाड रेघ ओढली आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं. आज सकाळी खराटा मारताना मी ती रेघ तेवढी सोडली.